टी-चाचणीची एक बाजू, दोन बाजू: पाच सॉफ्टवेअरांच्या निकालपत्रांचे परीक्षण

एम.एड. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांतले चौथे प्रकरण, म्हणजे ‘माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन’, वाचताना एक विसंगती मला वारंवार भेटते. पहिल्या प्रकरणात संशोधकाने दिशादर्शक परिकल्पना मांडलेली असते: नव्या अध्यापन पद्धतीने शिकलेल्या प्रायोगिक गटाचे मध्यमान नियंत्रित गटापेक्षा अधिक असेल. चौथ्या प्रकरणात मात्र द्विपुच्छ, म्हणजे दोन्ही दिशांचा फरक धरणाऱ्या, चाचणीचे पी-मूल्य उतरवलेले असते. कधी याहून वाईट प्रकार दिसतो. द्विपुच्छ मूल्य ०.०५ या रूढ सीमेच्या थोडे वर राहिले, म्हणून शेजारच्या स्तंभातले एकपुच्छ, म्हणजे एकाच दिशेचे, मूल्य उचललेले असते. विचारणा केली की उत्तर येते, “सर, सॉफ्टवेअरने दोन्ही दिली होती, त्यातले एक मी घेतले.”

या उत्तरात संशोधकाचा दोष आहेच, पण सगळा नाही. पडद्यावर कोणते आकडे येतात, ते कोणत्या नावाने येतात आणि दिशा विचारून येतात की न विचारता, यावर वाचणाऱ्याचा निष्कर्ष बराच अवलंबून असतो. म्हणून या परीक्षणात एसपीएसएस, एक्सेल, आर, स्टाटा आणि जामोवी या पाच सॉफ्टवेअरांचा फक्त एवढाच कोपरा तपासला आहे: दोन गटांची टी-चाचणी, म्हणजे त्यांच्या मध्यमानांतल्या फरकाची चाचणी, केल्यावर एका बाजूचा आणि दोन बाजूंचा निकाल ती कशी दाखवतात आणि तो वाचताना पाय कुठे घसरतो. आलेख, वेग आणि देखणेपणा यांचा विचार येथे केलेला नाही.

पाचही ठिकाणी मी एकच सामग्री वापरली. ती ‘स्लीप’ या नावाने आरमध्ये आधीपासूनच असते आणि टी-चाचणीच्या घरातलीच आहे. झोपेच्या दोन औषधांमुळे दहा रुग्णांना किती तास जास्तीची झोप लागली, याच्या या नोंदी कुश्नी आणि पीबल्स यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केल्या. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात उदाहरण म्हणून त्याच घेतल्या. पहिल्या औषधाचे मध्यमान ०.७५ तास आहे आणि दुसऱ्याचे २.३३ तास, म्हणजे फरक १.५८ तासांचा. हे दोन स्वतंत्र गट आहेत असे तूर्त धरू. प्रत्यक्षात ते तसे नाहीत आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. दोन्ही गटांचे प्रचरण, म्हणजे आकड्यांची मध्यमानाभोवतीची पसरण, समान मानले तर टी-मूल्य −१.८६, स्वाधीनता मात्रा (नोंदींच्या संख्येवरून ठरणारा आकडा, येथे २० उणे २) १८ आणि द्विपुच्छ पी-मूल्य ०.०७९ येते. अनेक प्रबंध नेमके याच जागी अडतात: दोन्ही बाजू धरल्या तर फरक सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाचा न मानण्याजोगा, नाही, एक बाजू धरली तर आहे.

निकालपत्रांकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यायला हवी. द्विपुच्छ पी-मूल्य सांगते की शून्य परिकल्पना, म्हणजे गटांत मुळात फरक नाही हे गृहीतक, खरी असती, तर एवढा किंवा याहून मोठा फरक कोणत्याही दिशेने पडण्याची शक्यता किती. एकपुच्छ पी-मूल्य हाच प्रश्न एका ठरावीक दिशेपुरता विचारते. ‘पहिल्याचे मध्यमान दुसऱ्यापेक्षा कमी आहे’ ही दिशा घेतली तर वरच्या सामग्रीसाठी उत्तर सुमारे ०.०४ येते, आणि ‘जास्त आहे’ ही घेतली तर सुमारे ०.९६. दोन्ही उत्तरे एकपुच्छ आहेत, दोन्ही बरोबर आहेत आणि त्यांची बेरीज एक होते. तेव्हा ज्या एकपुच्छ मूल्यासोबत दिशा लिहिलेली नाही, ते अर्धवट मूल्य आहे, आणि सॉफ्टवेअरने ती दिशा कोणाला विचारली हा माझ्या परीक्षणाचा मुख्य निकष आहे.

सुरुवात एसपीएसएसपासून करतो, कारण शिक्षणशास्त्र आणि समाजशास्त्रांच्या प्रबंधांत त्याच्याच सारण्या मला सर्वाधिक दिसतात. २८ व्या आवृत्तीपूर्वी त्याच्या टी-चाचणीच्या सारणीत ‘सिग. (टू-टेल्ड)’ हा एकच स्तंभ असे आणि एका बाजूचे मूल्य हवे असणाऱ्याला ते हाताने निम्मे करावे लागे. २८ व्या आवृत्तीपासून ‘वन-साइडेड पी’ आणि ‘टू-साइडेड पी’ असे दोन स्तंभ शेजारी शेजारी आले. वरवर पाहता ही सुधारणा आहे. परंतु चाचणी लावताना कोणत्याही चौकटीत दिशा विचारली जात नाही, मग ‘वन-साइडेड’ स्तंभातली बाजू कोणती? तर सामग्री जिकडे झुकली ती. तो आकडा म्हणजे द्विपुच्छ मूल्याचा सरळ अर्धा भाग असतो आणि त्यामुळे तो ०.५ च्या वर कधी जातच नाही. आपल्या सामग्रीवर तेथे ०.०४० दिसते. गटांची अदलाबदल करून चाचणी पुन्हा लावली तर टी-मूल्याचे चिन्ह बदलते, पण ०.०४० तसेच राहते.

याचा परिणाम गंभीर आहे. समजा संशोधकाची परिकल्पना पहिले औषध अधिक गुणकारी आहे अशी होती. सामग्रीने तिच्या नेमके उलट सांगितले आहे आणि त्या परिकल्पनेसाठी खरे एकपुच्छ मूल्य ०.९६ आहे. सारणीत मात्र ०.०४० छापलेले आहे आणि मध्यमानांच्या सारणीकडे न पाहता जो केवळ पी-मूल्याचा स्तंभ वाचतो, तो ‘परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येत आहे’ असे लिहून मोकळा होतो. जुन्या पद्धतीत निम्मे करण्याआधी माणूस निदान चिन्हाकडे एक नजर टाकत असे. आता आकडा तयार मिळतो आणि ती एक नजरही वाचते.

त्याच सारणीत आणखी एक अडचण आहे. उजवीकडे फरकाचे ९५ टक्क्यांचे विश्वासांतर (खरा फरक ज्या दोन टोकांमध्ये असावा, असा अंदाज) दिलेले असते, पण ते द्विपुच्छच राहते. आपल्या उदाहरणात ते −३.३६ पासून ०.२० पर्यंत जाते, म्हणजे शून्याला पोटात घेते. एकाच ओळीत डावीकडचे ०.०४० फरक सार्थक असल्याचे सांगते आणि उजवीकडचे विश्वासांतर तसे नसल्याचे. यात गणिताची चूक नाही, कारण दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पण मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकाने नेमके यावर बोट ठेवले, तर विद्यार्थ्याला हे समजावून सांगता आले पाहिजे. प्रचरणे समान आहेत का हे तपासणारी लेव्हीन चाचणी आणि प्रचरण समान किंवा असमान मानणाऱ्या दोन ओळी यांबद्दल येथे इतकेच सांगतो की एकपुच्छ आणि द्विपुच्छ मूल्ये एकाच ओळीतून घ्यावीत. एक वरच्या ओळीतून आणि दुसरे खालच्या ओळीतून उचललेलेही मी पाहिले आहे.

एक्सेलमध्ये टी-चाचणीचे दोन मार्ग आहेत आणि ते एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत. पहिला मार्ग डेटा ॲनॅलिसिस या जोडसाधनाचा. तो टी-मूल्य, एका बाजूचे पी-मूल्य, एका बाजूचे सारणीमूल्य, दोन बाजूंचे पी-मूल्य आणि दोन बाजूंचे सारणीमूल्य एकाखाली एक मांडतो. सारणीमूल्यांची, म्हणजे फरक सार्थक ठरण्यासाठी टी-मूल्याने ओलांडायच्या सीमांची, सवय असलेल्या जुन्या पिढीच्या मार्गदर्शकांना ही मांडणी ओळखीची वाटते: १८ स्वाधीनता मात्रांसाठी १.७३४ आणि २.१०१, आपले १.८६ या दोहोंच्या मधोमध. परंतु पी-मूल्याच्या ओळीचे नाव ‘पी (टी <= टी) वन-टेल’ असे आहे आणि ते शब्दशः घेतले तर वाचणारा फसतो. टी-मूल्य ऋण असेल तर तो आकडा डाव्या शेपटाचे क्षेत्रफळ असतो, धन असेल तर उजव्या शेपटाचे. ओळीच्या नावातले ‘पेक्षा कमी किंवा समान’ हे चिन्ह धन टी-मूल्यासाठी सरळ चुकीचे ठरते. म्हणजे येथेही दिशा सामग्रीच ठरवते, फक्त ते एसपीएसएसइतके स्वच्छ दिसत नाही. विश्वासांतर तर या निकालपत्रात मुळी नसतेच.

दुसरा मार्ग टी.टेस्ट या सूत्राचा. त्यात तिसऱ्या जागी १ किंवा २ लिहून शेपटांची संख्या द्यायची असते आणि चौथ्या जागी चाचणीचा प्रकार: १ म्हणजे जोडीची, २ म्हणजे समान प्रचरणाची, ३ म्हणजे असमान प्रचरणाची. हे सूत्र आतल्या आत टी-मूल्याचे चिन्ह टाकून देते. तिसऱ्या जागी १ लिहिले की पेशीत ०.०४ येते, पण कोणत्या बाजूचे, हे त्या पेशीतून कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही, कारण टी-मूल्यच दाखवलेले नसते. शिवाय असमान प्रचरणाच्या चाचणीत जोडसाधन स्वाधीनता मात्रा जवळच्या पूर्णांकापर्यंत नेते आणि सूत्र ती अपूर्णांकातच ठेवते. आपल्या सामग्रीची १७.७८ ही मात्रा एका मार्गाने १८ होते, दुसऱ्या मार्गाने तशीच राहते, आणि द्विपुच्छ मूल्य ०.०७९२ व ०.०७९४ असे किंचित वेगळे येते. फरक नगण्य आहे, पण एकाच फाइलमधल्या दोन पेशींत दोन उत्तरे पाहून गोंधळलेल्या विद्यार्थ्याला तो नगण्य वाटत नाही. चार आकड्यांची झटपट पडताळणी करायला एक्सेल चालेल. प्रबंधातली एकपुच्छ चाचणी मी त्याच्यावर सोपवणार नाही.

आरमधल्या आज्ञेचे नावही टी.टेस्टच आहे. रोमन लिपीत लहान-मोठ्या अक्षरांमुळे ती एक्सेलच्या सूत्रापासून वेगळी दिसते, नागरीत तेवढाही फरक उरत नाही. वागण्यात मात्र दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आर काही न सांगता द्विपुच्छ चाचणी करतो आणि प्रचरण असमान धरून वेल्चच्या पद्धतीने करतो. एक बाजू हवी असेल तर ‘ऑल्टरनेटिव्ह’ या जागी ‘लेस’ किंवा ‘ग्रेटर’ लिहून द्यावे लागते. दिशा मागितल्याशिवाय तो एकपुच्छ मूल्य देत नाही आणि दिशा चुकली तर ०.९६ हा आकडा तोंडावर फेकतो. निकालपत्रात पर्यायी परिकल्पना पूर्ण वाक्यात छापलेली असते, की पहिल्या आणि दुसऱ्या गटांच्या मध्यमानांतला खरा फरक शून्यापेक्षा कमी आहे. हे वाक्य बहुतेक जण वगळून थेट पी-मूल्यावर जातात. माझ्या मते संपूर्ण निकालपत्रातली तीच सर्वांत मोलाची ओळ आहे.

विश्वासांतरही येथे दिशेनुसार बदलते. ‘लेस’ दिल्यावर त्याचे खालचे टोक ‘−इन्फ’, म्हणजे उणे अनंत, असे येते आणि वरचे टोक −०.११ च्या जवळ. पहिल्यांदा पाहणाऱ्याला संगणक बिघडल्यासारखे वाटते. पण त्याचा अर्थ सरळ आहे: फरक जास्तीत जास्त −०.११ असू शकतो एवढेच या चाचणीने सांगितले आहे, खाली तो कुठवर जातो याबद्दल तिने काही सांगायचे ठेवलेलेच नाही. शून्य या अंतराबाहेर पडते आणि ०.०४ च्या पी-मूल्याशी ते जुळते. एका बाजूची चाचणी निवडली म्हणजे दुसऱ्या बाजूची माहिती सोडून दिली, हे इतक्या उघडपणे एसपीएसएसची सारणी दाखवत नाही.

मात्र आरमध्येही एक खड्डा आहे आणि तो मराठीत काम करणाऱ्यालाही चुकत नाही. गटांची नावे सूत्रात दिली की आर त्यांचा क्रम स्वतः लावतो. अन्यथा सांगितले नसेल तर तो वर्णानुक्रम असतो आणि वजाबाकी ‘पहिला उणे दुसरा’ अशी होते. स्तंभात ‘नियंत्रित’ आणि ‘प्रायोगिक’ अशी नावे असतील तर वर्णमालेत न आधी येतो, प नंतर. म्हणजे फरक नियंत्रित उणे प्रायोगिक असा काढला जातो. प्रायोगिक गट सरस आहे ही परिकल्पना असलेला संशोधक साहजिकच ‘ग्रेटर’ लिहितो आणि नेमकी उलटी चाचणी करून बसतो, त्याला लिहायला हवे होते ‘लेस’. यावर उपाय म्हणजे चाचणीआधी गटांचा क्रम स्वतः ठरवून देणे, किंवा निकालपत्राच्या शेवटी छापलेली दोन मध्यमाने आणि पर्यायी परिकल्पनेचे वाक्य समोरासमोर ठेवून वाचणे.

स्टाटाचा मार्ग तिसराच आहे आणि वाचायला तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. ते दिशा विचारत नाही, पण अंदाजही करत नाही. मध्यमानांच्या सारणीखाली ‘फरक म्हणजे पहिल्याचे मध्यमान उणे दुसऱ्याचे’ अशी व्याख्या छापते आणि तिच्याखाली तीन पर्यायी परिकल्पना एका रांगेत मांडते: फरक शून्यापेक्षा कमी, फरक शून्य नाही, फरक शून्यापेक्षा जास्त. प्रत्येकीखाली तिचे पी-मूल्य असते. आपल्या सामग्रीसाठी ते ०.०३९६, ०.०७९२ आणि ०.९६०४ असे येते. डावे आणि उजवे मूल्य मिळून एक होते, हे वर्गात शिकवायला दुसरा फळा लागत नाही. प्रचरण असमान धरायचे असेल तर वेगळे सांगावे लागते, आर धरतो तसे ते आपोआप होत नाही. तीन आकड्यांचे ताट समोर आल्यावर सर्वांत लहान घास उचलण्याचा मोह येथेही आहेच, पण उचललेल्या आकड्याच्या डोक्यावर त्याची दिशा लिहिलेली असल्यामुळे तो खपवणे अवघड जाते. आमच्याकडच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याचा खरा दोष म्हणजे ते विकत घ्यावे लागते.

जामोवी मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि आतून आरवरच चालते, पण आज्ञा लिहिण्याची गरज पडत नाही. स्वतंत्र गटांची टी-चाचणी निवडली की डावीकडे परिकल्पनेसाठी तीन पर्याय दिसतात: गट एक आणि दोन समान नाहीत, गट एक मोठा, गट दोन मोठा. आधी निवड द्विपुच्छावर असते. एका वेळी एकच पर्याय निवडता येतो, त्यामुळे सारणीत एकच पी-मूल्य असते आणि खाली तळटीपेत पर्यायी परिकल्पना चिन्हांत छापलेली असते. सारणी प्रबंधात चिकटवली तर ती तळटीपही सोबत येते, म्हणजे कोणती बाजू घेतली होती हे परीक्षकापासून लपत नाही. ज्यांना आरची भीती वाटते आणि एसपीएसएस परवडत नाही, अशांना मी हेच सुचवतो. दोन तक्रारी मात्र आहेत. मुळात खूण स्टुडंटच्या, म्हणजे समान प्रचरणाच्या, चाचणीवर असते, वेल्चसाठी वेगळी खूण करावी लागते. आणि पर्याय बदलताच सारणीतला आकडा क्षणात बदलतो. ही सोय शिकताना फार चांगली आहे, पण ०.०७९ चे ०.०४० होताना पाहिल्यावर खूण परत मूळ जागी नेण्याचे मनोधैर्य सगळ्यांकडे असतेच असे नाही. जास्प हे ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेले मोफत सॉफ्टवेअर या बाबतीत जामोवीच्याच वाटेने जाते, त्यामुळे त्याचे वेगळे परीक्षण करत नाही.

पायथन वापरणाऱ्यांसाठी थोडेसे. सायपाय या पायथनच्या गणिती संचातल्या टी-चाचणीत दिशा सांगण्याची सोय १.६.० या आवृत्तीपासून आहे. तिच्याआधीच्या काळातल्या आज्ञावलींत पी-मूल्याला दोनाने भागलेले दिसते आणि तेथे चिन्ह तपासले होते का, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. सायपाय प्रचरण समान धरतो आणि आर असमान, म्हणून एकाच सामग्रीवर चौथ्या दशांशस्थळी दोघांची उत्तरे वेगळी दिसली तर घाबरू नये.

आता राहून गेलेली गोष्ट. या सामग्रीत दहा रुग्ण आहेत आणि प्रत्येकाने दोन्ही औषधे घेतली होती. म्हणजे ही जोडीची सामग्री आहे आणि तिला जोडीचीच टी-चाचणी लागते. ती लावली की टी-मूल्य −४.०६, स्वाधीनता मात्रा ९ आणि द्विपुच्छ पी-मूल्य ०.००२८ येते. बाजू एक धरायची की दोन, हा वाद ज्या ०.०७९ वरून पेटला होता, तो आकडाच चुकीच्या चाचणीतून आला होता. पूर्व चाचणी आणि उत्तर चाचणी एकाच विद्यार्थ्यांवर घेऊन त्यांना दोन स्वतंत्र गट मानणारे प्रबंध आजही सादर होतात, आणि वरच्या पाचांपैकी एकही सॉफ्टवेअर त्याबद्दल हूं की चूं करत नाही. त्यांना ते कळण्याचा मार्गही नाही.

एक बाजू केव्हा घ्यावी याबद्दल माझे मत कडक आहे. दिशा सामग्री गोळा करण्यापूर्वी लिहून ठेवलेली असावी आणि फरक उलट दिशेने कितीही मोठा निघाला तरी ‘परिणाम आढळला नाही’ एवढेच म्हणण्याची तयारी असावी. नव्या अध्यापन पद्धतीने मुलांचे गुण घसरले, तर ती बातमी लपवायला कोणताही मार्गदर्शक तयार होणार नाही. म्हणूनच शिक्षणशास्त्रातल्या बहुतेक प्रबंधांना द्विपुच्छ चाचणीच शोभते, परिकल्पना दिशादर्शक असली तरीही. औषधांच्या चाचण्यांसाठी १९९८ मध्ये आलेल्या आयसीएच ई९ या मार्गदर्शक तत्त्वांनी तर एका बाजूच्या चाचणीचा सार्थकता स्तर नेहमीच्या निम्मा, म्हणजे ०.०२५, ठेवणे श्रेयस्कर मानले आहे. तो मानला की एक बाजू घेतल्याने मिळणारी सवलतच संपते आणि आपले ०.०४० पुन्हा सीमेबाहेर जाते.

सॉफ्टवेअर कोणतेही असो, प्रबंधात नुसते ‘पी = ०.०४, सार्थक’ असे मी स्वीकारत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी या सामग्रीवरचा हा नमुना देतो: “दुसऱ्या औषधाने मिळालेली जास्तीची झोप (मध्यमान २.३३ तास) पहिल्यापेक्षा (मध्यमान ०.७५ तास) सरासरी १.५८ तासांनी अधिक होती; जोडीची द्विपुच्छ टी-चाचणी, टी = ४.०६, स्वाधीनता मात्रा ९, पी = ०.००२८, फरकाचे ९५ टक्के विश्वासांतर ०.७० ते २.४६ तास, फरक दुसरे उणे पहिले असा काढला आहे.” शेवटचा तुकडा लिहायला विद्यार्थी कंटाळतात, पण टी-मूल्यापुढचे उणे कुठे गेले हा परीक्षकाचा प्रश्न तोच तुकडा निकालात काढतो.